पूल असलेलं जुनं घर घेतलंत? मोटर चालू करण्याआधी हे वाचा

अलिबाग तालुक्यात नागावजवळ आम्ही एक जुनं घर घेतलं. जांभ्याच्या भिंती, मागे नारळ-सुपारीची वाडी, वाडीत विहीर, आणि विहिरीपलीकडे आठ मीटर लांब, चार मीटर रुंद स्विमिंग पूल. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात वाडीतले माड आडवे झाले, वीज कितीतरी दिवस नव्हती, आणि त्यानंतर आधीच्या मालकांचं येणं कमीच झालं. आम्ही ताबा घेतला तेव्हा पाणी शेवाळाने गडद हिरवं होतं. तळ दिसत नव्हता. पंपघराचं दार उघडलं तर आत कोळिष्टकं, गंजलेला पॅनल आणि मोटरवर मिठाचा पांढरा थर.

पहिल्याच रविवारी आम्ही चूक केली. पाणी हिरवं म्हणजे औषध हवं, असं समजून पाच किलो ब्लीचिंग पावडर टाकली. सोमवारी पाणी काळ्या चहासारखं झालं आणि पायऱ्यांच्या पांढऱ्या टाइल्सवर तपकिरी डाग बसले. ते घासून काढायला दोन महिने गेले. असं का झालं ते पुढे सांगते. त्या दिवसापासून कामाचा क्रम ठरवला आणि तोच इथे देते आहे: आधी वीज, मग जमिनीतलं पाणी, मग मोटर आणि फिल्टर, मग गळती, आणि पाण्याचा रंग सगळ्यांत शेवटी. रंग डोळ्यांना खुपतो म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. पण फिल्टर चालत नसेल तर कितीही औषध टाका, आठवड्यात पाणी पुन्हा हिरवं.

सुरुवातीला जवळ काय हवं

कागदांमध्ये सातबारा आणि घरपट्टी तर तुम्ही घर घेतानाच पाहिली असेल. त्यासोबत मंजूर नकाशा काढा आणि त्यात पूल दाखवला आहे का ते बघा. किनाऱ्याजवळची जागा सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) असेल तर हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण मोठी दुरुस्ती किंवा नवं पंपघर काढताना हा प्रश्न येणारच. वीजबिल तुमच्या नावावर झालं का आणि मंजूर भार किती आहे तेही पाहा. आधीच्या मालकांकडे पंप-फिल्टरची बिलं, पाइपलाइनचा कच्चा नकाशा, पूल बांधतानाचे फोटो, जे मिळेल ते मागून घ्या. पाइप जमिनीखाली कुठून गेला आहे हे दाखवणारा एक फोटो मिळाला तरी पुढची बरीच खोदाई वाचते.

सामानात ही एवढी यादी पुरते:

- मोजायची टेप, लांब दोरी आणि ओळंबा
- पानं काढायची जाळी, लांब दांड्याचा ब्रश, व्हॅक्यूमचं डोकं आणि पाइप
- पीएच (आम्लता), क्लोरीन, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) आणि सायन्युरिक ॲसिड (क्लोरीनला उन्हापासून जपणारं रसायन) दाखवणारं टेस्ट किट
- सिलिकॉन ग्रीस, टेफ्लॉन टेप, दाढीच्या फेसाचा एक डबा
- ऑइल पेंट आणि बारीक ब्रश
- रबरी हातमोजे, डोळ्यांचा चष्मा, दोन प्लॅस्टिकच्या बादल्या
- पाइपच्या तोंडात घट्ट बसतील असे दोन-तीन रबरी बूच

बूच कशाला, ते चौथ्या पायरीत कळेल.

१. पहिला दिवस फक्त बघण्याचा

कुठलीही चावी फिरवू नका, कुठलंही बटण दाबू नका. फोनवर सगळ्याचे फोटो काढा: प्रत्येक व्हॉल्व्ह आत्ता कुठल्या स्थितीत आहे, मोटरवरची पट्टी, फिल्टरवरचं लेबल, पॅनलच्या आतली वायरिंग. मोटरच्या पट्टीवर एचपी, व्होल्टेज आणि बऱ्याचदा बेअरिंगचा नंबर असतो. गंजाने अक्षरं गेली असतील तर बाजूने टॉर्च मारा, उठाव दिसतो.

मग पाण्याचा प्रवास समजून घ्या. पूलमधून पाणी दोन वाटांनी पंपाकडे येतं. एक वरची, म्हणजे कडेच्या खिडकीसारखा स्किमर, आणि एक तळाची, म्हणजे मेन ड्रेन. पंपाच्या तोंडाशी जाळीची टोपली असते, पुढे पंप, पुढे वाळूचा फिल्टर, आणि तिथून भिंतीतल्या इनलेटमधून पाणी परत. या वाटेवर जितके व्हॉल्व्ह असतील त्यांना ऑइल पेंटने नंबर घाला आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आमच्याकडे एक म्हणजे स्किमर, दोन म्हणजे तळ, तीन म्हणजे व्हॅक्यूम, चार म्हणजे परतीचा. आता घर सांभाळणाऱ्या दादांना फोनवर ‘दोन बंद करा, एक अर्धा उघडा’ एवढं सांगितलं की काम होतं.

त्याच दिवशी पाणी किती ते काढा. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, मीटरमध्ये, आणि त्याला १००० ने गुणा. आमचा पूल ८ × ४ आणि सरासरी खोली १.३५ मीटर, म्हणजे ४३,२०० लिटर. औषधाचं प्रत्येक माप या आकड्यावर ठरतं. सर्वसाधारणपणे सहा ते आठ तासांत सगळं पाणी फिल्टरमधून एकदा जायला हवं, म्हणजे आमच्या पंपाने तासाला सहा-सात हजार लिटर तरी फिरवायला हवेत.

२. वीज, आणि तळाची जाळी

या पायरीवर पैसे आणि वेळ वाचवू नका. लायसन्स असलेल्या वायरमनला बोलवा, स्वतः उघडून बघू नका. खारी हवा तांबं आणि लोखंड दोन्ही खाते. पॅनल बाहेरून ठीक दिसतो आणि आत कॉन्टॅक्टरचे (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट काळे पडलेले असतात. आमच्या पॅनलमध्ये मुंग्यांनी वारूळ केलं होतं आणि एक पाल दोन तारांमध्ये चिकटून मेलेली होती.

वायरमनकडून एवढं करून घ्या:

पूलच्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, आहे का? जुन्या घरांत अनेकदा नुसते पोर्सलीनचे फ्यूज असतात. ते तार जळण्यापासून वाचवतात, माणसाला नाही. आरसीसीबी नसेल तर तो बसेपर्यंत पूलमध्ये कुणी पाय घालायचा नाही. असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा, आणि पुढेही दर महिन्याला दाबा. दाबल्यावर पडत नसेल तो बदला.

मोटरच्या वायंडिंगचं (आतल्या तारांच्या गुंडाळीचं) इन्शुलेशन मेगर या मीटरने मोजून घ्या. वर्षानुवर्षं दमट पंपघरात पडलेली मोटर आतून ओल धरते. एक मेगओहमपेक्षा कमी दाखवलं तर ती चालू न करता वायंडिंगवाल्याकडे न्या. कधीकधी नुसती वाळवून पुन्हा ठीक होते.

अर्थिंग तपासा, आणि जमलं तर मे महिन्यात तपासा. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि पावसात चांगलं दाखवणारं अर्थिंग तेव्हा कामाचं राहत नाही. शिडी, हातकठडे, पंपाचं धातूचं अंग हे सगळं जाड तारेने एकमेकांना आणि अर्थिंगला जोडलेलं असावं.

पाण्याखालचे दिवे १२ व्होल्टचे आहेत याची खात्री करा. जुन्या पूलमध्ये थेट २३० व्होल्टचे दिवे सापडले तर ते कायमचे तोडून टाका, दुरुस्त करू नका. पाण्यात किंवा शिडीला हात लावताना जराही झिणझिण्या जाणवल्या तर सगळ्यांना बाहेर काढा, मेन बंद करा आणि कारण सापडेपर्यंत पाण्याजवळ जाऊ नका.

दुसरा जिवाचा मुद्दा तळाच्या जाळीचा. मेन ड्रेनवरचं प्लॅस्टिकचं झाकण उन्हाने आणि क्लोरीनने ठिसूळ होतं. ते फुटलेलं असेल किंवा जागेवर नसेल तर पंप चालू असताना त्या भोकाची ओढ लहान मुलाला तळाशी धरून ठेवू शकते, केस अडकू शकतात. पाणी हिरवं असताना हे दिसतही नाही. म्हणून तळ स्पष्ट दिसेपर्यंत आणि झाकण पक्कं बसलेलं डोळ्यांनी पाहेपर्यंत पूल पोहण्यासाठी नाही, हे घरच्यांना आणि पाहुण्यांच्या मुलांना बजावून सांगा.

३. पूल रिकामा करायच्या आधी विहिरीत दोरी सोडा

हिरवं पाणी बघून जो येईल तो एकच सल्ला देतो: ‘सगळं उपसून टाका, नवीन भरा.’ आम्हालाही शहरातल्या एका ठेकेदाराने हेच सांगितलं होतं, आणि तेही जूनच्या पहिल्या आठवड्यात. शेजारच्या वाडीतल्या तात्यांनी थांबवलं. त्यांनी काही समजावलं नाही, मला विहिरीच्या काठावर नेलं आणि आतले दगड दाखवले. एका ठरावीक थराखाली हिरवं शेवाळ होतं, वर कोरडा जांभा. ‘ऑगस्टात पाणी इथवर येतं,’ ते म्हणाले. तो थर जमिनीपासून जेमतेम एक मीटर खाली होता. आमच्या पूलचा तळ १.८ मीटर खोल.

याचा अर्थ असा, की पावसात जमिनीतलं पाणी पूलच्या तळाच्या वर असतं. पूल भरलेला असतो तोवर आतल्या पाण्याचं वजन बाहेरच्या दाबाला तोलून धरतं. तो रिकामा केला की बाहेरचं पाणी रिकाम्या टाकीला खालून वर ढकलतं. तळाला तडे जातात, टाइल्स फुगून सुटतात, आणि कधी पूर्ण पूलच नावेसारखा उचलला जातो. अशा पूलची दुरुस्ती होत नाही, तो तोडावाच लागतो.

म्हणून ओळंबा दोरीला बांधा आणि विहिरीत सोडा. जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते मोजा. किनाऱ्यालगत असाल तर उधाणाच्या दिवशी, पूर्ण भरतीला मोजा, कारण भरतीबरोबर आपल्याकडच्या विहिरी थोड्या वर येतात. पाण्याची पातळी पूलच्या सर्वांत खोल तळापेक्षा किमान अर्धा मीटर खाली असेल तरच उपसण्याचा विचार करा. म्हणजे आपल्या भागात ते काम मार्च ते मेच्या मध्यापर्यंतचं. त्यातही टाइल्स भर उन्हात दिवसेंदिवस उघड्या ठेवू नका, तापून सुटतात. आणि मे महिन्यात पुन्हा भरायला चाळीस हजार लिटर पाणी विहीर देईल का, हेही आधी बघा. बहुतेक वेळा उपसायची गरजच नसते. आम्ही आजवर एकदाही पूर्ण उपसलेला नाही.

४. मोटर पहिल्यांदा चालू करताना

इथे एक सापळा आहे. कोकणातल्या बऱ्याच बंगल्यांत पंपघर जमिनीखाली खड्ड्यात असतं, म्हणजे पूलच्या पाण्याच्या पातळीच्या खाली. अशा ठिकाणी व्हॉल्व्ह बंद न करता टोपलीचं झाकण उघडलंत, तर पूलचं पाणी त्या खड्ड्यात धावत येतं आणि मोटर बुडते. आणि जुना पीव्हीसी व्हॉल्व्ह जोर लावून फिरवलात तर दांडा तुटून हातात येतो, मग पाणी थांबवायला काहीच उरत नाही. रबरी बूच त्यासाठी. खड्ड्यातल्या पंपाला हात लावण्याआधी स्किमरच्या भोकात बूच मारा, आणि तळाचा व्हॉल्व्ह हळूहळू, मागे-पुढे करत बंद करून बघा. अडकला तर सोडून द्या आणि प्लंबरला सोबत घेऊन करा.

व्हॉल्व्ह बंद झाल्यावर वीज मेनपासून तोडा आणि मोटरच्या मागचं पंख्याचं कव्हर काढून शाफ्ट हाताने फिरवा. सहज फिरला तर उत्तम. करकरत फिरला तर बेअरिंग गेलंय. अजिबात फिरत नसेल तर इम्पेलरमध्ये (पंपातल्या पाणी फेकणाऱ्या चाकात) सुरूच्या काड्या, सुपारीचा तुकडा किंवा गंज अडकला आहे. टोपली साफ करा, झाकणाची रबरी रिंग पुसून तिला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियम जेली रबर फुगवते. टोपलीच्या भांड्यात काठोकाठ पाणी भरा, झाकण लावा, पंख्याचं कव्हर परत बसवा, स्किमरचं बूच काढा, व्हॉल्व्ह उघडा, मेन चालू करा, आणि मगच बटण दाबा. कोरडा पंप दोन-चार मिनिटं जरी फिरला तरी आतलं सील जळतं.

आता ऐका.

- नुसती गुंगुंग करते आणि फिरत नाही: लगेच बंद करा. शाफ्ट मोकळा असेल तर सिंगल फेज मोटरचा कपॅसिटर गेलेला असतो. स्वस्त वस्तू आहे, पण वीज काढल्यावरही त्यात चार्ज राहतो, म्हणून वायरमनच बदलेल. नवा घेताना जुन्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा.
- चालते पण किंचाळते: बेअरिंग. नंबर बघून तालुक्याच्या ठिकाणी कुठल्याही वायंडिंगच्या दुकानात मिळतं.
- मोटर आणि पंप यांच्या मधून पाणी ठिबकतं: मेकॅनिकल सील गेलं. हे पुढे ढकलू नका, तेच पाणी पुढच्या बेअरिंगमध्ये शिरतं. नवं सील बसवताना त्याच्या गुळगुळीत चकतीला बोट लागू देऊ नका, हाताचं तेलही तिथे नको.
- पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप बंद पडते, थंड झाली की चालते: आधी व्होल्टेज बघा. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी १८० पर्यंत उतरतं. मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि आतलं ओव्हरलोड तिला थांबवतं. वेळ बदलून पहाटे चालवली आणि प्रश्न मिटला. त्याआधी दोघांनी नवी मोटर घ्यायला सांगितलं होतं.

५. हवा ओढते आहे का?

मोटर चालते, पण इनलेटमधून पाण्याबरोबर बुडबुडे येतात आणि टोपलीच्या पारदर्शक झाकणाखाली पाणी खळखळतं. म्हणजे पंपाच्या अलीकडे कुठूनतरी हवा शिरते आहे. तिथे पाणी बाहेर ठिबकत नाही, कारण ओढ आतल्या बाजूला असते, म्हणून हा दोष डोळ्यांना दिसत नाही. पंप चालू ठेवून प्रत्येक जोडावर दाढीचा फेस लावा. जिथे फेसाला खळगा पडून तो आत ओढला जातो, तिथे फट. आमच्याकडे ती पंपाच्या तोंडाच्या आट्यांवर होती. टेफ्लॉन टेप गुंडाळून पुन्हा बसवलं, काम दहा मिनिटांचं. त्याच्याही आधी साध्या दोन गोष्टी पाहून घ्या: पूलमधलं पाणी स्किमरच्या निम्म्या तोंडापर्यंत तरी आहे ना, आणि झाकणाची रिंग चपटी झालेली नाही ना.

६. फिल्टर: काटा काय सांगतो

फिल्टरच्या डोक्यावरचा प्रेशर गेज खाऱ्या हवेत अडकतो. मोटर बंद असताना काटा शून्यावर येत नसेल तर आधी गेज बदला. तो खोटं सांगत असेल तर पुढचं सगळं निदान चुकतं.

स्वच्छ फिल्टरवर काटा किती दाखवतो ते एकदा पेंटने टाकीवर लिहून ठेवा. आमचा ०.८ किलो (चौरस सेंटिमीटरला). तिथून साधारण अर्धा ते पाऊण किलो वर चढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं. काटा वर आणि इनलेटचा जोर कमी, तर फिल्टर तुंबलाय किंवा परतीचा व्हॉल्व्ह बंद आहे. काटा खाली आणि जोरही कमी, तर अडथळा पंपाच्या अलीकडे आहे: टोपली, स्किमर, इम्पेलर किंवा हवा. या दोन वाक्यांनी माझ्या बऱ्याच खेपा वाचवल्या.

मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा, म्हणजे फिल्टरवरच्या पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा, दांडा मोटर बंद केल्याशिवाय कधीही फिरवू नका. आतली कोळ्यासारखी रबरी चकती जागेवरून उखडते. ती गेली असेल तर दांडा ‘फिल्टर’वर असतानाही बाहेर जाणाऱ्या पाइपमधून पाणी वाहत राहतं, आणि अनेक जण ती गळती पूलमध्ये शोधत बसतात. बॅकवॉश दोन-तीन मिनिटं, काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. मग मोटर बंद, दांडा ‘रिन्स’वर, अर्धा मिनिट, पुन्हा बंद, मग ‘फिल्टर’. हे पाणी जातं कुठे तेही बघा. आमच्याकडे पाइप विहिरीपासून चार हातांवर सोडलेला होता. तो शोषखड्डा करून वाडीच्या दुसऱ्या टोकाला नेला. क्लोरीनचं पाणी विहिरीत किंवा सुपारीच्या मुळांत नको.

आतली वाळू पाच-सात वर्षांनी बदलायची असते. कण घासून गोल होतात, तेलकट गठ्ठे बनतात आणि पाणी मधूनच वाट काढतं. फिल्टरची सिलिका वाळू साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या एकसारख्या कणांची असते. समोर समुद्र आहे म्हणून किनाऱ्यावरची वाळू भरायचा मोह होऊ देऊ नका. तिच्यात शिंपल्यांचा चुरा, मीठ आणि लहानमोठे कण असतात, आणि किनाऱ्यावरून वाळू उचलणं हा सीआरझेडच्या नियमांचा भंग आहे. नवी वाळू ओतताना टाकी निम्मी पाण्याने भरा, म्हणजे तळाच्या प्लॅस्टिकच्या बोटांवर वाळू आपटत नाही. ती बोटं तुटली की वाळू इनलेटमधून पूलमध्ये येते.

७. गळती मोजा, अंदाज करू नका

‘पाणी रोज कमी होतंय’ एवढ्यावर टाइल्स उखडू नका. एक बादली पूलच्याच पाण्याने भरून पायरीवर ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी एक करा, दोन्हींवर खूण करा. चोवीस तासांनी बघा. बादलीत जेवढं कमी झालं तेवढं उन्हाने गेलं. पूलमध्ये त्याहून जास्त उतरलं तर गळती. ८ × ४ च्या पूलमध्ये एक सेंटिमीटर म्हणजे ३२० लिटर, त्यामुळे लहान फरकही हलका घेऊ नका.

हा प्रयोग एकदा मोटर चालवून आणि एकदा पूर्ण बंद ठेवून करा. चालू असताना जास्त गळलं तर परतीची पाइपलाइन. दोन्ही वेळा सारखंच, तर पूलचं अंग. मग पाणी आपोआप कुठे थांबतं ते बघा: स्किमरच्या ओठाशी थांबलं तर स्किमरचा जोड, दिव्याच्या उंचीला थांबलं तर दिव्याच्या केबलची नळी. जुन्या पूलमध्ये ही नळी हमखास दोषी असते. संशयाच्या जागी स्थिर पाण्यात सिरिंजने खायच्या रंगाचे थेंब सोडा. फट असेल तर रंगाची रेघ तिच्याकडे खेचली जाते. आमची दिव्याची नळी अशीच सापडली. पाण्याखाली बसणाऱ्या इपॉक्सी पुट्टीने बंद झाली, खोदाई नाही.

८. आता पाण्याचा रंग

आधी विहिरीचं पाणी ओळखा. पारदर्शक बाटलीत ते भरा, चिमूटभर ब्लीचिंग पावडर घाला आणि तासभर ठेवा. चहाचा रंग आला तर पाण्यात लोह आहे. जांभ्याच्या मुलखात हे नवल नाही. विरघळलेलं लोह दिसत नाही, क्लोरीन पडताच ते गंजासारखं बाहेर येतं आणि टाइल्सवर बसतं. आमचा पहिला रविवार यातच गेला. उपाय तुरटीचा: हजार लिटरला १० ते २० ग्रॅम, बादलीत विरघळवून सगळीकडे शिंपडायची, पंप थोडा वेळ फिरवून रात्रभर बंद. सकाळी तळाला बसलेला गाळ व्हॅक्यूमने, दांडा ‘वेस्ट’वर ठेवून, थेट बाहेर. फिल्टरमधून नेलात तर तो पुन्हा पूलमध्ये येईल. तुरटीने पीएच उतरतो, म्हणून नंतर मोजा.

शेवाळासाठी: जाळीने पानं काढा, भिंती घासा, पीएच ७.२ ते ७.४ वर आणा. मग संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, मोठा डोस द्या. १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम) धरलं तर आमच्या ४३,२०० लिटरला ४३२ ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट सुमारे ६६५ ग्रॅम. आधी बादलीत पाणी, त्यात पावडर. उलट कधीही नाही. फिल्टर दिवसरात्र चालवा, रोज बॅकवॉश, आणि क्लोरीन टिकेपर्यंत रोज संध्याकाळी पुन्हा. चार-पाच दिवसांत हिरव्याचं दुधाळ आणि दुधाळाचं निळं होतं. पुढे रोजचं क्लोरीन १ ते ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी ८० ते १२०.

टीसीसीएच्या (हळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या) गोळ्या सोप्या असतात, पण प्रत्येक गोळीबरोबर सायन्युरिक ॲसिड वाढत जातं. ते १०० पीपीएमच्या वर गेलं की क्लोरीन असूनही काम करत नाही. तेव्हा थोडं पाणी काढून ताजं भरणं एवढाच मार्ग.

हे मात्र पाठ करा: टीसीसीए आणि हायपोक्लोराइट एकाच डब्यात, एकाच बादलीत, एकाच चमच्याने सुद्धा नाही, आग लागते. ॲसिड आणि क्लोरीन कधीच एकत्र नाही, विषारी वायू होतो. आणि ही औषधं पंपघरात ठेवू नका. त्यांच्या वाफेने पॅनल आणि मोटर दोन्ही गंजतात.

९. काय बदलायचं

ठेकेदार सगळा संच बदलायचा आकडा देतात. आम्ही बदललं ते एवढंच: पॅनल, आरसीसीबी, एक सील, दोन बेअरिंग, गेज, मल्टिपोर्टची चकती, वाळू, तळाची झाकणं. मोटर आणि फिल्टरची टाकी जुनीच चालते आहे. टाकीच्या फायबरला तडा दिसला तर मात्र दुरुस्ती नको, बदलाच. दाबाखाली ती फुटते आणि जवळच्या माणसाला जबर इजा होते. शिडी बदलाल तर स्टेनलेस स्टील ३१६ घ्या, ३०४ वर खाऱ्या हवेत लवकर तांबेरा दिसतो.

१०. २५ मेच्या आत

आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूल भरलेलाच ठेवा. ओव्हरफ्लोचा पाइप पाणी सोडून बघा, त्यात बेडूक किंवा घुशीची माती असते. पॅनल जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर घ्या. खड्ड्यातल्या पंपघराला उंबरा बांधा, आत साचणारं पाणी उपसायला छोटा सबमर्सिबल ठेवा. मोटरला प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. वरून पत्र्याचं छप्पर आणि बाजूने वारा, एवढंच हवं. वीज असेल त्या दिवशी तासभर तरी पंप फिरवा, बंद ठेवलेली मोटर पावसाळ्यातच गंजून अडकते.

पाऊस क्लोरीन पातळ करतो, त्यामुळे मोठ्या सरीनंतर मोजा. आठ-आठ दिवस वीज गेली तर बादलीत कालवलेलं क्लोरीन हाताने शिंपडा आणि ब्रशने पाणी हलवा. नाहीतर डासांची पैदास होते आणि शेजारच्या घरांना त्रास. तुम्ही मुंबई-पुण्याला राहत असाल तर इथे राहणाऱ्या माणसाला हे सगळं मे महिन्यातच, स्वतः शेजारी उभं राहून, एकदा करायला लावा. भिंतीवरच्या नंबरांखाली मेन स्विच कुठला तेही लाल रंगात लिहा, आणि वीज कडाडायला लागली की आधी तो पाडायचा हे त्यांच्याकडून एकदा करून घ्या.